उताऱ्याबाहेरचे नाना

"हे उताऱ्यात कुठे दिलंय?"

आमच्या मजल्यावर हा प्रश्न दूधवाल्यापासून भटजींपर्यंत सगळ्यांना विचारून झाला आहे. दूधवाला म्हणाला, "काका, उद्यापासून दोन रुपये जास्त, सगळीकडे वाढलेत," की नाना पिशवी हातात धरून दारातच उभे राहतात. "सगळीकडे वाढलेत, हे विधान झालं. म्हणून मीही वाढवले, हा निष्कर्ष झाला. मधलं गृहीतक कुठंय?" दूधवाला बिचारा पुढच्या दाराची बेल वाजवतो. ते दार आमचं. मग गृहीतक मी शोधायचं.

श्रावणात त्यांच्याकडे सत्यनारायण होता. कलावती प्रसाद न घेता धावली आणि तिच्या नवऱ्याची नाव बुडाली, इथपर्यंत गुरुजी पोचले, तेव्हा नाना यजमानाच्या पाटावरून हळूच म्हणाले, "एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं होत नाही." वहिनींनी डोळे वटारले. गुरुजींनी पुढचा अध्याय जरा घाईतच उरकला.

नाना म्हणजे वय अठ्ठावन्न, मुक्काम डोंबिवली पूर्व, शिक्षण बी.कॉम., नोकरी फोर्टातल्या एका विमा कंपनीत, तीही दाव्यांच्या विभागात. आणि हा माणूस कायद्याच्या प्रवेशपरीक्षेचे उतारे सोडवत असतो. परीक्षा त्यांची नाही, त्यांच्या धाकटीची होती. ती झाली, निकाल लागला, पोरगी होस्टेलला गेली. नाना अजून उताऱ्यातच आहेत.

मुलांच्या परीक्षांना बसणारे पालक आपल्याकडे पूर्वापार आहेत. चौथीच्या स्कॉलरशिपची गणितं ऑफिसच्या कागदांवर सोडवणारे वडील, इंटरमिजिएटच्या चित्रात "फक्त आभाळ" रंगवून देणारी आई, हे सगळे आपल्या ओळखीचे. पण त्यांचा ताप निकालाबरोबर उतरतो. नानांचा उतरला नाही, आणि याला ती परीक्षाच कारण आहे असं माझं मत आहे.

त्याचं असं झालं. धाकटीने अकरावीत "मी लॉ करणार" असं जाहीर केलं. नानांच्या घराण्यात वकील कोणी नाही. कोर्टाशी संबंध एवढाच, की चिपळूणकडच्या एका बांधावरून त्यांच्या वडिलांची आणि चुलत्यांची केस वर्षानुवर्षं चालली आणि शेवटी बांधच पावसात वाहून गेला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे त्या घरात बोलायचे नाहीत, जगायचे. तरी नाना मुलीच्या शब्दाला नाही म्हणणारे नव्हेत. दुसऱ्याच दिवशी फोर्टातल्या फुटपाथवरून राज्यघटना, भारतीय दंड संहिता आणि करार कायदा अशी तीन जाडजूड पुस्तकं घेऊन आले. दंड संहिता तर तोवर जायच्या वाटेवर होती. "रोज दहा कलमं पाठ," ते म्हणाले.

धाकटीने त्यांना समोर बसवून समजावलं. क्लॅट म्हणून परीक्षा असते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी २००८ पासून ती एकत्र घेतात. पूर्वी पाठांतर चालायचं, पण २०२० पासून सगळा पेपर उताऱ्यांवर. आता १२० प्रश्न, १२० मिनिटं. इंग्रजी असो, चालू घडामोडी असोत, कायदा असो की तर्क, साडेचारशे शब्दांच्या आसपासचा उतारा देतात आणि खाली प्रश्न. गणितालासुद्धा आधी गोष्ट सांगतात. कायद्याचं एकही कलम पाठ लागत नाही. लागणारं तत्त्व उताऱ्यातच लिहिलेलं असतं. बरोबर उत्तराला एक गुण, चुकीच्याला पाव गुण वजा.

"म्हणजे नुसतं वाचायचं?" नानांनी विचारलं.

"नुसतं वाचायचं. आणि जे लिहिलंय तेवढ्यावरच उत्तर द्यायचं. आपल्याला बाहेरचं काय माहितीये ते विसरायचं."

"हे तर मीही करीन," नाना म्हणाले.

ते त्यांना आजवर जमलेलं नाही. नाना दुसऱ्याला हजार वेळा विचारतील, उताऱ्यात कुठे दिलंय म्हणून. स्वतः मात्र नखशिखांत उताऱ्याबाहेरच्या गोष्टींनी भरलेले आहेत. अठ्ठावन्न वर्षांत माणसाला जेवढं कळतं तेवढं सगळं प्रत्येक प्रश्नाला लावतात आणि पाव पाव गुणाने बुडत जातात. धाकटी सतराची. तिला बाहेरचं काही माहीतच नव्हतं. तिची ॲक्युरसी नव्वद टक्क्यांच्या वर.

पहिला मॉक दोघांनी जेवणाच्या टेबलावर एकत्र दिला. कुकरच्या शिट्ट्या बंद, टीव्ही बंद, फोनवर टायमर. त्यात एक उतारा होता, नावं बदललेला, पण मूळ गोष्ट १९१३ सालच्या अलाहाबादच्या खटल्याची. मालकाचा पुतण्या घरातून नाहीसा होतो. मालक मुनिमाला शोधायला धाडतो. मुनीम गेल्यावर इकडे पत्रकं निघतात, की मुलगा शोधून देणाऱ्याला ५०१ रुपये बक्षीस. मुनिमाला त्याचा पत्ता नाही. तो मुलगा शोधून आणतो, नंतर त्याला बक्षिसाचं कळतं, तो मागतो. मिळेल का? वर तत्त्व दिलेलं: प्रस्तावाची माहितीच नसेल तर स्वीकार होत नाही, आणि स्वीकार नाही तर करार नाही. धाकटीने तीस सेकंदांत "मिळणार नाही"वर खूण केली आणि पुढे गेली. नाना तिथेच थांबले.

"देवमाणूस आहे तो. स्वतःच्या पोराला शोधावं तसं शोधलंन."

"नाना, तत्त्व वाचा."

"वाचलं. १९१३ सालचे पाचशे एक म्हणजे काय, कल्पना आहे तुला? आणि त्या मालकाला द्यायला काय झालं होतं? पुतण्या मिळाला ना?"

"ऑफिसात तुम्ही काय करता? पॉलिसीत लिहिलं नसेल तर दावा पास करता?"

नाना गप्प झाले. वीस-पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचून "नियमात बसत नाही" असं लिहिणारा हा माणूस. मग म्हणाले, "ते ऑफिस आहे," आणि "मिळायला हवं"वर गोल रंगवला. पुढे पुढे तर त्या पर्यायापाशी पेन्सिलीने "नैतिकदृष्ट्या" असं लिहायला लागले. पाव गुण वजा तो वजाच.

तर्काच्या भागात त्यांची अशीच वाट लागायची. नातेसंबंधांची कोडी खरं म्हणजे त्यांना डाव्या हाताचा मळ. कोकणातल्या लग्नांत बसून बसून "माझ्या आजोबांच्या एकुलत्या एक मुलाची मुलगी" वगैरे त्यांना कागद न घेता येतं. पण बैठकव्यवस्थेचं कोडं आलं, सहा जण गोल टेबलाभोवती बसलेत, काका पुतण्याच्या शेजारी, की नाना पेन खाली ठेवतात. "हे दोघं शेजारी बसतीलच कसे? वाटणी झालीय का?" उताऱ्यात वाटणीचं अक्षर नसतं. नानांना ती दिसते.

लेखकाचा सूर ओळखा, असा एक प्रश्न प्रत्येक पेपरात ठरलेला. पर्याय असतात: तटस्थ, खेदपूर्ण, प्रशंसात्मक, उपरोधिक. नाना डोळे मिटून उपरोधिक. त्यांच्या मते या देशात अग्रलेख लिहिणारा कोणीही मनातून दुसरं काही असूच शकत नाही. समुद्रातल्या प्रवाळांवरचा उतारा असो की अर्थसंकल्पावरचा, नानांना त्यात टोमणा सापडतो. आणि गंमत बघा, या प्रश्नाची खरी उस्ताद त्या घरात वहिनी. त्यांनी आयुष्यात एक उतारा सोडवलेला नाही. पण नाना बाथरूममधून "चहा झाला का?" असं ओरडले, की त्या तीन शब्दांवरून ऑफिसला उशीर झालाय, काल रात्रीचं भांडण अजून मनात आहे, की टॉवेल राहिलाय, हे त्या अचूक सांगतात.

वहिनींच्या वाट्याला या अभ्यासाचा जो भाग आला, तो सांगितला पाहिजे. धाकटीची बारावी झाली की केरळला जायचं, असं नानांनी कबूल केलं होतं. वेळ आली तेव्हा नानांनी चष्मा वर करून बाल्फोर विरुद्ध बाल्फोर काढला. १९१९ चा खटला, इंग्लंडमधला. नवरा सिलोनला नोकरीला, बायको आजारपणामुळे मायदेशी. दरमहा तीस पौंड पाठवीन असं तो म्हणाला, नंतर पाठवेना, ती कोर्टात गेली. कोर्टाने सांगितलं, नवरा-बायकोंमधल्या घरगुती बोलण्यात कायदेशीर बंधनाचा हेतू नसतो, सबब करार नाही. वहिनींनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ओट्यावर डबा नव्हता. "डबा हेही घरगुती बोलणंच," त्या म्हणाल्या, "कोर्टात टिकणार नाही." नाना दोन दिवस ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवले. तिसऱ्या दिवशी नेत्रावतीची तिकिटं निघाली.

धाकटी तर आईच्याही पुढची. मोबाइल रात्री नऊनंतर बैठकीतल्या टोपलीत ठेवायचा, असा करार नानांनी फ्रिजवर लावला होता, खाली तिची सही. एकदा पकडली गेली तेव्हा तिने १९०३ सालचा प्रिव्ही कौन्सिलचा मोहोरी बीबीचा निवाडा तोंडावर फेकला: अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार सुरुवातीपासूनच रद्दबातल. "मी अजून सतरा वर्षांची आहे, नाना." मोबाइल परत गेला की नाही ते मला ठाऊक नाही, पण त्या रात्री नाना आमच्याकडे आले आणि ही हकिकत अशा थाटात सांगून गेले, की पोरीला जणू सनदच मिळाली.

लोकलमध्ये त्यांचा ग्रुप आहे. सकाळची फास्ट, ठरलेला डबा, ठरलेल्या खिडक्या. पूर्वी तिथे पत्ते चालत. क्लासमधल्या सरांनी धाकटीला सांगितलं, रोज इंग्रजी पेपरचा अग्रलेख वाच. ते धाकटीपेक्षा नानांनी मनावर घेतलं. कात्रणं पिशवीत घेऊन निघायचे. डोंबिवली ते ठाणे वाचन, ठाण्याच्या पुढे प्रश्न. "या परिच्छेदाला सर्वात जास्त बळकटी कोणत्या विधानाने येईल?" माणसं एका पायावर उभी, कोणाची बॅग कोणाच्या मानेवर, आणि नाना पर्याय वाचून दाखवताहेत. कोणी म्हणालं, "जरा सरका हो," तर नाना म्हणणार, "यात गृहीत काय आहे? सरकायला जागा आहे हे." ग्रुपवाले सहनशील. त्यांच्यातला एक गृहस्थ प्रत्येक प्रश्नाला "ड" म्हणतो आणि झोपतो. नानांच्या नोंदीप्रमाणे त्याची ॲक्युरसी त्यांच्यापेक्षा बरी आहे.

सोसायटीत तर विचारू नका. नाना खजिनदार. लिफ्टमध्ये "कृपया थुंकू नये" अशी पाटी लावायचं ठरलं, तर सभेत उठून म्हणाले की यात दोन गृहीतकं आहेत, थुंकणाऱ्याला वाचता येतं आणि वाचल्यावर तो ऐकतो. पैकी दुसरं सिद्ध झालेलं नाही. त्यांच्या छताला वरून ओल आली तेव्हा वरच्या काकूंना जिन्यात गाठून १८६८ चा रायलँड्स विरुद्ध फ्लेचर सांगितला. एकाने आपल्या जमिनीवर पाण्याचा साठा केला, ते पाणी फुटून शेजाऱ्याच्या खाणीत गेलं; निष्काळजीपणा असो वा नसो, साठवणारा जबाबदार. काकू मागच्या पिढीतल्या, शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "पाइप सोसायटीचा आहे हो नाना. साठवणारे तुम्ही." प्लंबर दुपारी आला.

त्यांच्या उत्तरसूचीशी असलेल्या वैराबद्दल लिहायचं तर वेगळा कागद घ्यावा लागेल. नाना चुकले असं उत्तरसूची म्हणते, तेव्हा त्यांच्या हिशोबात उत्तरसूची चुकलेली असते. धाकटीच्या क्लासला ते पत्रं लिहायचे, "महोदय, प्रश्न क्र. ४७ संदर्भात" अशी. तिथला शिकवणारा मुलगा पंचविशीचा, स्वतः विधी विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला. तो फोन करून "अंकल, ऑप्शन बी थोडा एक्स्ट्रीम आहे" असं प्रेमाने समजवायचा. 'सर्व', 'कधीच', 'फक्त' असे शब्द ज्या पर्यायात असतात त्याच्याकडे संशयाने बघायचं, हा त्या मुलाने दिलेला मंत्र. नाना म्हणाले, "पोरगा हुशार आहे. पण अनुभव नाही."

मग देवाने त्यांचं ऐकलं. डिसेंबर २०२४ मधल्या एका रविवारी धाकटीची क्लॅट झाली. दुपारी दोन ते चार. केंद्राबाहेर बाकीचे पालक झाडाखाली बसून घामाघूम होत होते. वहिनी रामरक्षा म्हणत होत्या. नाना पायरीवर घड्याळ लावून एक जुना मॉक सोडवत होते, त्याच दोन तासांत, म्हणजे लेकीला सोबत. पुढे त्या परीक्षेच्या उत्तरसूचीवरून प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, काही उत्तरं चुकली असल्याचं न्यायालयानेही मानलं, आणि ते लोण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. ज्या प्रश्नांवरून हे झालं त्यांत नानांचा एकही नव्हता. तरी त्यांनी मजल्यावर पेढे वाटले. "तत्त्व महत्त्वाचं," म्हणाले.

मला विचाराल तर या परीक्षेने आपल्या घरांत एक विचित्र पाहुणा आणून सोडला आहे. आपण बोलतो त्यात लिहिलेलं थोडं आणि समजून घ्यायचं फार. "बघू" म्हणजे नाही, "या एकदा" म्हणजे येऊ नका, "पोरीकडचे साधे आहेत" म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. अशा माणसाला तुम्ही म्हणता, जेवढं छापलंय तेवढंच धर. मुलांना ते येतं, कारण त्यांना गुण हवे असतात. नानांना गुण नको होते. त्यांना त्या मुनिमाला पैसे मिळवून द्यायचे होते. जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय निघालेल्या त्या स्कॉटलंडच्या बाईचा उतारा वाचून नानांनी आधी तिची तब्येत पुढे कशी राहिली ते विचारलं होतं. (वहिनींनी एवढंच म्हटलं, "बाहेरचं प्यावंच कशाला.")

धाकटी आता नागपूरला असते, तिथल्या विधी विद्यापीठात. रोज रात्री फोन येतो. परवा मी तिथेच बसलो होतो. "जेवलीस का?" "हो." "कशी आहेस?" "बरी आहे." फोन ठेवल्यावर वहिनी म्हणाल्या, "सर्दी झालीय तिला."

"हे उताऱ्यात कुठे आहे?" नाना ताडकन म्हणाले. "बरी आहे असं स्पष्ट विधान आहे."

दहा मिनिटांनी मेसेज आला: आई, सर्दीवर कोणती गोळी घेऊ? नाना बराच वेळ मोबाइलकडे बघत बसले. मग कुरिअरचं ऑफिस रविवारी उघडं असतं का, असं मला विचारू लागले. गोळ्या नागपूरला मिळत नाहीत, हे गृहीतक कोणाचं, ते मी विचारलं नाही.

निवृत्तीला आता थोडेच दिवस उरलेत, आणि नानांच्या टेबलावर राज्याच्या तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीचं माहितीपत्रक येऊन पडलं आहे. पदवीधराला चालतं. पेपर मराठीतही असतो. आणि मुख्य म्हणजे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. ती ओळ नानांनी लाल पेनाने दोनदा अधोरेखित केली आहे. सराव मात्र जोरात चालू आहे आणि घरातले उतारे संपत आले आहेत.

तेव्हा आपल्याकडे कोणाच्या मुलामुलींचे जुने मॉक पेपर पडून असतील, तर ते कृपया रद्दीत घालू नका. डोंबिवलीला आमच्याकडे पोचवा, मी नानांना देईन. उत्तरसूची तेवढी आधी फाडून ठेवा.